बा तोंड फिरवून बसतो

ही गोष्ट खरी आहे. रचायची असती तर एखादी पडकी विहीर घेतली असती, पांढऱ्या साडीतली बाई घेतली असती. इथं आहे डिश अँटेना. त्याला कोण काय करणार?

मागच्या सर्वपित्री अमावास्येची कातरवेळ. ठिकाण पलूसच्या पुढं थोडं आत, उसात बुडालेलं एक पत्र्याचं घर.

त्या घरात विश्वजीत अजून राहतो. म्हणून गावाचं नाव सांगत नाही.

तर मुळापासून ऐका.

विश्वजीतची आई बनुबाई गेली, तेव्हा त्याचे वडील नाथाजी वडूजला बहिणीकडे होते. निरोप कळल्याबरोबर ते निघाले. एसटी वाटेत बंद पडली. विश्वजीत पुण्याहून कारनं येऊन पोचलेला. भावकी म्हणत होती, "अरं थांब की वाईच. नवरा हाय तिचा."

विश्वजीतनं मोबाइलमध्ये बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या साहेबांना पडद्यावर काहीतरी समजावून सांगायचं होतं.

"किती वेळ ठेवायची? बॉडी टिकणार नाही," तो म्हणाला.

आणि अग्नी दिला.

नाथाजी पोचले तेव्हा चिता खाली बसली होती. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. रडले नाहीत. एवढंच विचारलं, "तोंड?"

"पप्पा, बॉडी टिकत नव्हती."

"बॉडी न्हवती ती. बनू हुती."

नाथाजींनी तोंड फिरवलं. पोराकडं परत कधी वळवलं नाही.

पुढं त्यांचे दिवस गेले रहिमानचाचांच्या दुकानात. चाचा गाद्या भरतात. नवीन गादी भरली की नाथाजी आधी तिच्यावर आडवे व्हायचे आणि छातीवर मोबाइल ठेवून इजिप्तचे व्हिडिओ बघायचे. मोठ्या आवाजात. गिऱ्हाईक गादी बघायला यायचं आणि ममी कशी करतात ते शिकून जायचं.

"रहिमान, राजा मेला की मेंदू नाकातनं वडून काढायचे. आन् टाकून द्यायचे."

"अरारा."

"काळीज मातुर आत ठेवायचे. फुडं त्येचं वजन व्हायचं. एका पारड्यात काळीज, दुसऱ्यात पीस."

"आन् जड भरलं तर?"

"मगरीच्या तोंडाचं एक जनावर बसल्यालं असतंय. ते खातंय."

"मग माझं नगं बाबा. जल्म कापूस जोखण्यात गेला माझा. काटा कसा मारत्यात, मला ठाऊक हाय."

"पुढचं तर ऐक. जिवाचं पाखरू हुतंय. धड पाखराचं, तोंड त्याच माणसाचं. दिवसभर हिंडायचं, रात पडली की मुडद्याकडं माघारी. म्हणून मुडदा टिकाय पायजे. न्हाईतर पाखराला थारा न्हाई. नाव काय त्या पाखराचं, सांग."

"काय?"

"बा."

चाचा कापसात पडेपर्यंत हसले. "हात्तिच्या! म्हंजी मिसरवाले बी आपल्याच भागातले की रं!"

नाथाजी हसले नाहीत. मोबाइल बंद करून ते उठून बसले.

"पोरगं म्हनलं, बॉडी टिकत न्हाई. टिकवून दावतो त्येला."

दुसऱ्याच दिवशी ते सांगलीला गेले आणि मेल्यावर आपला देह, औषधात घालून टिकवणाऱ्या डॉक्टरकीच्या पोरांना द्यायचं ठरवून आले. गावात फ्लेक्स लागला. 'देहदानाचा आदर्श'. फोटोत काळा गॉगल. सगळ्यांना लय कौतुक. खरं कारण एकट्या चाचांना माहीत. आणि फ्लेक्सचा फोटो व्हॉट्सअॅपवर बघितल्या क्षणी... विश्वजीतला कळलं.

परवाच्या नाही, त्याआधीच्या दिवाळीच्या तोंडावर नाथाजी गेले. झोपेतच. बहीण धोंडुबाई आणि चाचांनी मिळून गाडी सांगलीला लावून दिली. मग विश्वजीतला फोन केला.

"आधी का नाही सांगितलं, चाचा?"

"त्येचाच हुकूम हुता. म्हनला, गाडी गेल्याबिगर फोन करू नगंस. त्यानं मला बनूचं तोंड दावलं न्हाई, माझं त्येला दिसाय नगं. मी लय सांगितलं रं. आमच्यात मातीची लय घाई असती. पर तोंड दावल्याबिगर आमी बी उचलत न्हाई."

विश्वजीत गाडी हाणत सांगलीला गेला. तिथला माणूस हळू आवाजात म्हणाला, "दिलेला देह परत दाखवत नाही, साहेब." आतल्या औषधाच्या वासानं डोळ्यांत पाणी येत होतं, तरी विश्वजीत दारातून हलेना. त्या माणसाला दया आली. "काळजी करू नका. पोरं हातापायापासून सुरू करतात. तोंड सगळ्यात शेवटी."

सांत्वनाची ही रीत जरा नवीन होती. पण माणूस मनाचा चांगला होता.

मग दहावा आला.

देहच नाही, म्हणून भटजींनी कणकेचा पुतळा केला. नदीकाठी पिंड ठेवला. बाभळीवर कावळ्यांची शाळा भरलेली, पण एकही खाली येईना.

भावकीनं कबुल्या द्यायला सुरुवात केली.

"नाथाजी, विहिरीची मोटार दुरुस्त करतो!"

"सुभेदार, धोंडुबाईला अंतर देत न्हाई!"

चुलता लालासाहेबानं फौजी कँटीनच्या रमचा पेला भरून ठेवला. कावळ्यांनी रमकडं बघितलं. लालासाहेबानं पण बघितलं. कुणीतरी मोबाइलवर कावळ्याचा आवाज लावला. सगळे कावळे उडून पार पलीकडच्या काठाला गेले.

शेवटी लालासाहेब म्हणाला, "विश्वा, तूच काय ते बोल."

सगळं गाव बघत होतं. विश्वजीत हात जोडून म्हणाला, "पप्पा, मी चुकलो. शिवा."

काहीच नाही.

भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. खोट्या माणसाला खोटा कावळा. लोक जेवून घरी गेले.

विश्वजीत पुण्याला गेलाच नाही. कावळा शिवला नाही म्हणून गाव बोलत होतं, ते एक. पण बानं शिवलं नाही, हे त्याला गिळता येईना. ऑफिसचं काम त्यानं घरूनच सुरू केलं. बायको पूजा पण आली.

पहिल्यांदा आला तो वास.

रोज कातरवेळी. डोळ्यांत पाणी आणणारा. पूजा म्हणाली, "उसावर औषध मारत्यात वाटतं." पण उसात कोणी नसायचं.

मग चिमण्या गप्प होऊ लागल्या. रातकिडे गप्प. आणि कुत्रं... पोस्टमनलाही न सोडणारं कुत्रं उठून, पत्र्याकडं बघत शेपूट हलवायचं.

मग पत्रा वाजायचा.

खर्र... खर्र... खर्र...

पाखराची चाल उड्यांची असते. ही कवायतीची होती.

विश्वजीत बाहेर आला. डिश अँटेनाच्या काठावर एक पाखरू बसलेलं. घारीपेक्षा थोराड. मातकट पंख.

पाठ त्याच्याकडं.

तो डावीकडून गेला. पाखरू वळलं. उजवीकडून गेला. परत पाठ. दिवस मावळला तसं ते सांगलीच्या दिशेनं उडून गेलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

पाखरू कुठलंही असू शकतं, असं त्यानं स्वतःला समजावलं. मग ऑफिसची ती ऑनलाइन मिटिंग झाली.

विश्वजीत खिडकीकडं पाठ करून बसलेला. मागचं सगळं धूसर करून ठेवलेलं. आपल्या पडद्यावर दिसणारा स्वतःचा चौकोन तेवढा त्यानं बंद केलेला, कारण अलीकडं त्याला स्वतःचं तोंड बघवत नसे. पुण्याची एक मुलगी बोलता बोलता थांबली.

"विश्वजीत, तुझ्या मागं आजोबा बसलेत का?"

"...कुठं?"

"खिडकीत. बाकी सगळं धूसर आहे, त्यांचं तोंड तेवढं स्पष्ट दिसतंय."

ते यंत्र बिचारं. मागचं सगळं पुसायचं आणि माणसाचं तोंड राखायचं, एवढंच त्याला शिकवलेलं.

विश्वजीत गर्रकन वळला.

खिडकीच्या गजांवर... मातकट पाठ.

आठवड्यानं पूजा वाळलेले कपडे काढायला बाहेर गेली आणि रिकाम्या हातांनीच आत आली. किंचाळली नाही. पाणी प्यायली. मग म्हणाली, "आवं... मामांची दाढी वाढलीया."

नाथाजींनी उभ्या आयुष्यात दाढी वाढू दिली नव्हती. तापातही करायचे.

"बघितलंस तू? तोंड बघितलंस?"

"माझ्याकडं बघूनच बसलं हुतं."

त्यानंतर पूजा कातरवेळी दारं-खिडक्या लावून टीव्ही मोठा करते.

विश्वजीत मात्र रोज जाऊन उभा राहायचा. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, ऊस तुटून परत वर आला. "पप्पा, माफ करा." पाठ. "पप्पा, एकदा." पाठ. एकदा रागानं दगड उचलला. पाखरू हललंसुद्धा नाही. दगड त्याच्याच हातातून खाली पडला.

आणि ती अमावास्या.

दुपारी पान वाढून पत्र्यावर ठेवलं होतं. कावळा आला नव्हता. कातरवेळ झाली. वास आला. कुत्रं शेपूट हलवू लागलं.

खर्र... खर्र...

विश्वजीत डिशखाली उभा राहिला. 'पप्पा' म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दच येईना. पुण्याच्या कॉलेजात असताना हॉस्टेलच्या पोरांपुढं लाज वाटली म्हणून त्यानं तो शब्द धरला होता. त्याच्याआधी, शेताच्या बांधावरून हाक मारताना, दुसरा होता.

"बा..."

पाखराच्या पिसांत काहीतरी हललं.

"बा, वाईच माझ्याकडं बघ की."

घसा खाकरल्याचा आवाज. बोलायच्या आधी नाथाजी करायचे तसाच.

आणि मान फिरू लागली. हळूहळू. दाराच्या फटीतून पूजा बघत होती. विश्वजीतच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बा वळत होता... वर्षानं वळत होता...

पुरी वळली.

तिथं तोंड नव्हतं.

डोळे नव्हते. नाक नव्हतं. पुसलेल्या पाटीसारखं सपाट काहीतरी.

*तोंड सगळ्यात शेवटी.*

सांगलीत शेवट होऊन गेला होता.

पूजा म्हणते, तो किती तरी वेळ तसाच उभा होता. पाखरूही. अंधार पडला तेव्हा डिशवर कोणी नव्हतं. पानातला भात तसाच होता.

चाचांना सांगितलं तर त्यांनी कापूस बाजूला सारला. "वळला ना पर? वळला ना शेवटाला?"

"वळला, चाचा."

"मग झालं की."



देह संपला की पाखराला थारा नाही, असं नाथाजीच सांगायचे. म्हणजे आता त्यानं यायला नको. पण येतं. उलट आता अंधार पडल्यावरही जात नाही. जाणार कुठं?

मिटिंगमध्ये हल्ली मागचं सगळं नीट धूसर होतं. कुणी काही विचारत नाही.

बा आता पाठ करून बसत नाही. कातरवेळ झाली की विश्वजीतकडंच वळून बसतो.

पाठ विश्वजीत करून बसतो.

मागं पत्रा वाजतो... खर्र... खर्र...

कुत्रं तेवढं शेपूट हलवतं.