एमेटचा हरवलेला शनिवार

"ए, मेस कुठे आहे गं?"

मारितने वळून पाहिलं. दारात मावणार नाही असा एक धिप्पाड मुलगा हिरवळीवर उभा होता. अंगात कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं जाकीट, बाहीवर तीन मोसमांच्या तीन पट्ट्या. आणि मेस... त्याच्या पाठीमागे, पन्नास पावलांवर!

"तीन वर्षं उपाशी होतास का रे?"

तो क्षणभर गोंधळला. मग हसला. "तुझ्याशी बोलायला काहीतरी निमित्त नको?"

मारितचे कान तापले. आयोवातल्या त्या एवढ्याशा कॉलेजात ती याच वर्षी आली होती. शिकाऊ ट्रेनर म्हणून खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधायचं काम तिला मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा तिच्या टेबलावर पाय पसरून बसला. नाव एमेट, जर्सी चौपन्न नंबरची. चेंडू मागे द्यायचा आणि समोरून येणाऱ्या पहाडांना डोक्याखांद्याने अडवायचं, हे त्याचं काम.

"घट्ट बांध. नाहीतर घोटा पळून जाईल."

"पाय धुऊन येत जा आधी. नाहीतर मीच पळून जाईन."

"पळ की. मी येईन मागून... हळूहळू. पळणं माझं काम नाही."

ती मान खाली घालून हसायची, आणि पट्टीचे दोन वेढे उगाचच जास्त घ्यायची.

संघ मात्र हरतच होता. पहिला सामना, दुसरा, पाचवा... आजूबाजूची मक्याची शेतं कापून झाली, बाकांवरची माणसं विरळ होत गेली. बेचाळीस खेळाडूंपैकी जायबंदी होता होता एकतीस उरले. एमेटही बोलता बोलता गप्प व्हायचा, डोळे मिटून कपाळ चोळायचा. "झोप नाही झाली," म्हणायचा. मारितला ते खरं वाटायचं. खरं वाटायलाच हवं होतं तिला.

सातवा सामना दूरच्या गावी, हाडं गोठवणाऱ्या रिमझिमीत झाला. तोही हरले. परतताना बसमध्ये एमेट तिच्या शेजारी येऊन बसला. काचेवरून थेंब ओघळत होते.

"मारित, मला तू आवडतेस. रोज धडधाकट घोटा पुढे करतो मी... तुला कळत कसं नाही?"

त्याने तिचा हात हातात घेतला, तो कॉलेज येईपर्यंत सोडला नाही. तिची बोटं बधिर झाली. तिनेही काढून घेतली नाहीत.

सोमवारी ती दोन कॉफ्या घेऊन आली. "बसमधल्या बोलण्याचं काय मग?" तिने हळूच विचारलं.

"कुठलं बोलणं? मी तर झोपलो होतो."

चेष्टा करतोय, असं तिला वाटलं. मग तिने त्याचे डोळे पाहिले.

"एमेट, शनिवारी आपण कोणाशी खेळलो?"

त्याची नजर भिंतीवरच्या सामन्यांच्या वेळापत्रकाकडे गेली. मारितने कॉफ्या खाली ठेवल्या.

"त्या दिवशी मेस विचारलीस... ती थट्टा नव्हती तर. आदल्याच दिवशी पहिल्या सामन्यात तुझ्या डोक्याला मार बसला असणार."

"कोणाला सांगू नकोस," त्याने तिचं मनगट धरलं. "तीनच सामने उरलेत. शनिवारी बाबा सहा तास गाडी चालवून येतायत. आमच्यासारख्यांना कॉलेजनंतर कोण खेळवतं गं?"

"आणि मलाच विसरलास तर?"

"तुला कसा विसरेन?"

"विसरलास, एमेट."

मुख्य ट्रेनर हॅडलीबाईंच्या दाराशी ती बराच वेळ उभी राहिली. मग आत गेली आणि सगळं सांगून टाकलं. त्याच दुपारी एमेटचं हेल्मेट काढून घेण्यात आलं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, मेंदूला मार बसलाय, खेळ कायमचा बंद. वाचन बंद, उजेड बंद.

संघातली मुलं तिच्यापुढून पाय मागे घेऊ लागली. "नको. चुगली करशील." शनिवारी एमेटचे बाबा आले. चौपन्न नंबर नसलेलं मैदान शेवटपर्यंत बघत उभे राहिले. उरलेले तिन्ही सामने संघ हरला. दहापैकी दहा. एमेट तिच्याशी एक शब्दही बोलला नाही.

नोव्हेंबर सरत आला तेव्हा तिने त्याचं दार ठोठावलं. हातात इतिहासाचं पुस्तक होतं.

"तुला वाचायचं नाहीये. मला वाचता येतं."

"मला राग आहे तुझा."

"असू दे. कान तर उघडे आहेत ना?"

पडदे ओढलेले. दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात ती वाचायची आणि तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी तिने पुस्तक उघडलं. "काल आपण कुठे थांबलो होतो..."

"थांब. मी सांगतो." तो सावकाश कुशीवर वळला. "कालव्यावरच्या मजुरांचा संप. त्यांच्या पुढाऱ्याचं नाव तू दोनदा चुकलीस. तुझ्या अंगात निळा स्वेटर होता. आणि जाताना... दाराशी उभी राहिलीस. खूप वेळ. मी जागाच होतो."

मारितने पुस्तक मिटलं. कालचा अख्खा दिवस त्याच्याजवळ शाबूत होता.

"का थांबली होतीस?"

"बसमध्ये तू मला काहीतरी म्हणाला होतास. त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं."

"ते मला आठवत नाही, मारित. आठवणारही नाही म्हणतात."

"उत्तर तरी ऐक." ती पलंगाच्या कडेला बसली. त्याचा तो भला मोठा हात तिने दोन्ही हातांत घेतला. "मलाही."

त्याने उशीवरून डोकं उचललं. मग म्हणाला, "नुसतं 'मलाही' नको. नीट सांग. हे मला लक्षात ठेवायचंय."

आणि तिने नीट सांगितलं.