टोपीतलं दूध

टिरोलच्या डोंगरात इनरफेल्स नावाचं गाव होतं, अजूनही आहे. त्या गावात वरच्या आळीला कासियान नावाचा गुराखी, त्याची बायको फिलोमेना, म्हणजे मी, आणि आमचा एकुलता एक मुलगा विगिल असे राहत होतो. मुलगा मोठा झाला, इन्सब्रुकला जाऊन ट्रामवर कंडक्टर झाला, तिथलीच ओटिलिए नावाची मुलगी करून तिथेच राहिला. घरात उरलो आम्ही दोघं आणि गाई. दूध होतं, चीज होतं, मानही बरा होता. मुकुट तेवढा नव्हता.

मुकुट म्हणजे गाईंचा. उन्हाळाभर गाई वरच्या कुरणावर असतात आणि सप्टेंबरात खाली येतात. वर असताना माणूस, गाय, वासरू, कुणी म्हणजे कुणीच दगावलं नसेल, तरच गाईंच्या डोक्यावर फरच्या डहाळ्यांचे नि कागदी फुलांचे मुकुट चढतात. पुढच्या गाईच्या मुकुटात वाईट नजर परतवायला आरसा असतो. मग गावात बँड वाजतो, चौकात तळण निघतं. कुणी गेलं असेल, तर गाई बोडक्या येतात आणि बँडवाले वाद्यं खाली ठेवतात.

आमच्या गाई कित्येक वर्षं बोडक्या येत होत्या. एकदा कालवडीवर वीज पडली. एकदा वासरू घळीत गेलं. मग एका वर्षी कासियानचा धाकटा भाऊ रोमेड धुक्यात शेळी शोधायला गेला. शेळी परत आली, रोमेड आलाच नाही. त्यानंतर आमचा कळप उतरताना दिसला की लोक दारं लोटून घ्यायला लागले. मी तरी दर हिवाळ्यात चुलीपाशी बसून फुलं करायचे. शेजारची क्रेसेन्झ डोकावून म्हणायची, "एवढी फुलं करतेस फिलोमेना, विकायला तरी काढ! तुझ्या गाई नाही तर बाजारातल्या बायका तरी घालतील."

कासियान ऐकून घ्यायचा. एका वर्षी गाई वर नेताना मात्र तो म्हणाला, "यंदाही बोडक्या उतरल्या, तर मी गाई विकणार. माझ्याच्यानं पुन्हा त्या बंद दारांपुढून चालवणार नाही." आणि कासियान बोलला की बोलला.

तो उन्हाळा मात्र गुणाचा निघाला. पाय मुरगळला नाही की शिंग मोडलं नाही. उतरायचे दिवस आले तशी मी तोंडातून शब्द काढायलाही भीत होते. त्यातच विगिलचा निरोप आला, आम्ही दोघं सोहळ्याला येतोय. ओटिलिएनं आमचा डोंगर कधी पाहिला नव्हता.

ती वर कुरणावर आली ती डोक्यावर नवीकोरी हिरवी टोपी घालून, टोपीला हे एवढं पीस. सणाला म्हणून मुद्दाम घेतलेली. पोरगी हौशी. लोण्यात तळलेले क्राप्फन खाल्ले, बोटं चाटली, कृती विचारली. माझ्याशेजारी बसून फुलं बांधली. दूध काढायचा मात्र तिनं फार हट्ट धरला. आमची पुढची गाय श्टेर्ना, कपाळावर चांदणी असलेली, स्वभावानं राणीसाहेब. ओटिलिए खाली बसली, ओढ ओढ ओढलं, थेंब नाही. श्टेर्नानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि असा उसासा टाकला की आम्ही हसून हसून बेजार.

"सूनबाई, गाय आहे ती, दाराची घंटा नव्हे!" कासियान म्हणाला.

"घंटा वाजवली की निदान कुणी तरी दार उघडतं, बाबा," ती म्हणाली. आवडली मला तेव्हाच.

उतरायच्या दिवशी सकाळी मी कुरणावरच्या चीजघराची, उन्हाळाभर आम्ही राहतो त्या घराची, आवराआवर केली. तिथली एक रीत आहे. गाई उतरल्या की ते घर आपलं राहत नाही. कासरमांडल म्हणतात त्याला, बुटका म्हातारा, तो येऊन राहतो. जिवंतपणी गुराखीच होता म्हणे, पण बेपर्वा. दूध सांडायचा, भाकरी दरीत भिरकवायचा. म्हणून आता बर्फ वितळेपर्यंत त्या थंड घरात बसायचं, हेच त्याच्या नशिबी. त्याच्यासाठी चुलीच्या कट्ट्यावर वाडगाभर दूध आणि पावाचा तुकडा ठेवायचा, बाहेरून दाराला अडसर लावायचा आणि मागे न बघता निघायचं. वर असताना त्याचं नाव घ्यायचं नाही. मी दूध ठेवलं, पाव ठेवला, आणि वासरं सोडायला बाहेर गेले. घरातून शेवटची निघाली ती ओटिलिए. अडसर मी माझ्या हातानं लावला.

पुढे श्टेर्नाबरोबर कासियान, मध्ये गाई आणि आम्ही दोघी, शेवटी वासरांमागे विगिल. वाट पाठ असलेलं गाढव भांडी घेऊन सगळ्यांच्या पुढे, त्याच्याच पाठीवर टोपल्यांत मुकुट. ते खाली रानाच्या कडेला, लिओनार्ड संताच्या घुमटीपाशी चढवायचे. तिथवर सगळे नीट पोचले, तरच.

अर्ध्या वाटेवर धुकं आलं. आमच्याकडे धुकं चढत नाही, ते अंगावर घोंगडी टाकल्यासारखं पडतं. भर दुपारी समोरच्या गाईची शेपटी दिसेना. ओल्या लोकरीचा वास, घंटांचा आवाज, बस. डाव्या हाताला घळ. पण धुक्याचीही रीत ठरलेली आहे. पुढचा हाक देतो, शेवटचा ओ देतो, आणि मधले त्या दोन आवाजांच्या दोरीला धरून चालतात.

"हो-ओ-ओ!" पुढून कासियान.

"हो-ओ-ओ!" मागून विगिल.

अशा पुष्कळ हाका झाल्या. मला धीर वाटत होता. तेवढ्यात माझ्या खांद्याला हात लागला. वळून बघते तर विगिल. श्वास चढलेला, ओठ पांढरे.

"आई," तो अगदी हळू म्हणाला, "माझा घसा मघाच बसलाय. मी केव्हापासून ओ दिलेली नाही..."

पुढून कासियानची हाक आली. "हो-ओ-ओ!"

आणि मागून, वरच्या वाटेवरून, माझ्या पोराच्या आवाजात उत्तर आलं. "हो-ओ-ओ..."

विगिल माझ्या शेजारी उभा होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

त्या आवाजाखाली एक घंटाही वाजत होती. जुनी, फुटकी. आमच्या कळपात तशी घंटा नव्हती.

"वासरं फिरतायत..." विगिल म्हणाला. खरंच होतं. वासरं त्याच्याच आवाजावर वाढलेली. तोंड वळवून ती एक एक करून वर निघाली होती, त्या हाकेकडे, घळीच्या कडेकडेनं. कासियान श्टेर्नाला धरून धुक्यातून चाचपडत मागे आला. ओ देणारा विगिल नव्हे, हे त्यालाही कळलं होतं. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर मी तसं भय पूर्वी पाहिलं नव्हतं. रोमेड गेला तेव्हाही नाही.

माझ्या मनात एकच आलं. "ओटिलिए, चुलीच्या कट्ट्यावर वाडगा होता बघ..."

"हो ना आई," ती म्हणाली. बिचारीला वाटलं, मी कौतुक करणार. "तुम्ही विसरलात तो. दूध मी मांजराला घातलं, पाव गाढवाला. वाडगा घासून पालथा ठेवलाय फळीवर. सगळं लख्ख करून आलेय."

 मग कासियान खाली बसला. "तो त्याचा वाटा मागायला निघालाय," म्हणाला. "पोरी, तो उपाशी आहे."

मी दोन वाक्यांत तिला सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "आता दूध नेऊन ठेवलं तर?"

"कशात नेशील? भांडी पुढे गाढवावर गेली. इथं साधा पेला नाही."

तिनं डोक्यावरची टोपी काढली. हिरवी, नवीकोरी. ती उलटी धरून श्टेर्नाच्या पोटाशी बसली.

"तुला जमणार नाही, मी काढते," मी म्हटलं.

"त्याचं दूध मी घालवलंय, आई."

 श्टेर्नानं मान वळवून पाहिलं. या वेळी उसासा टाकला नाही. आणि दूध आलं. थोडं टोपीत, थोडं बाहीवर, थोडं गवतावर, पण आलं. विगिल आणि कासियान वासरांच्या गळ्यांत हात टाकून त्यांना अडवून उभे राहिले, आणि आम्ही दोघी त्या आवाजाकडे निघालो. हाक आमच्यापुढे पुढे सरकत होती. आम्ही चढू तशी ती मागे हटत होती, जणू वाट दाखवतेय. मी डाव्या हातानं खडक चाचपत होते. उजव्या हातात ओटिलिएचं मनगट होतं.

चीजघर दिसलं. मी लावलेला अडसर दाराला नव्हता. कुणीतरी काढून भिंतीला व्यवस्थित टेकवून ठेवला होता. दार फटीएवढं उघडं. आतून आंबलेल्या ताकाचा आणि ओल्या राखेचा वास येत होता. आणि आवाज... खर्र, खर्र, खर्र. कुणीतरी लाकडी वाडगा घासत होतं. घासलेलाच पुन्हा घासत होतं.

ओटिलिएनं गुडघे टेकून टोपी उंबऱ्यावर ठेवली. घासणं थांबलं.

"कुणी... काढलं?"

रिकाम्या दुधाच्या कॅनमध्ये तोंड घालून बोलावं तसा आवाज. मी तिचं मनगट आवळलं. बोलू नकोस, बोलू नकोस. पण शहरातल्या पोरी, विचारलं की उत्तर देतात.

"मी," ती म्हणाली. "पहिल्यांदाच काढलंय. अर्धं सांडलं... माफ करा."

 टोपीच्या शिवणीतून टपकणारा थेंब मला ऐकू आला.

"सांडलं?"

"हो."

आतून एक लांब श्वास सुटला. "मीपण..." आवाज म्हणाला, "मीपण सांडायचो..."

टोपी उंबऱ्यावरून हळूच आत सरकली. सरकवणारा हात मला दिसला नाही. दार लागलं. आम्ही वळलो आणि मागे न बघता चालायला लागलो, मग पळायला. पळता पळता माझ्या लक्षात आलं की मला माझे पाय दिसतायत. मग गवत दिसलं. मग खाली, उन्हात, श्टेर्नाची चांदणी.

"सगळी आहेत!" विगिल बसक्या घशानं ओरडत होता. "आई, सगळी आहेत!"

घुमटीपाशी मुकुट चढवताना कासियानला गाठी बांधता येईनात, डोळ्यांतलं पाणी त्याला दिसू देईना. शेवटी ओटिलिएनंच आरशाचा मुकुट श्टेर्नाच्या शिंगांत बसवला. चौकाच्या तोंडाशी एक कवाड उघडलं, मग दुसरं. बँडवाल्यांनी आधी विश्वासच ठेवला नाही. मग काय वाजवलं त्यांनी! क्रेसेन्झ तळणाचा झारा हातात धरूनच धावत आली, तिनं मला पोटाशी धरलं आणि रडली. रडून झाल्यावर ओटिलिएकडे बोट दाखवून म्हणाली, "हे काय गं फिलोमेना? गाईंना मुकुट आणि सून बोडकी?"

"डोक्याला वारा लागू दे म्हटलं," ओटिलिए म्हणाली. त्या दिवशी तिनं किती क्राप्फन खाल्ले ते आम्ही कुणी मोजलं नाही.

गाई विकल्या नाहीत. विगिलनं ट्राम सोडली आणि दोघं आमच्यापाशीच राहायला आली. जूनमध्ये चीजघर उघडलं, तेव्हा हिरवी टोपी खुंटीवर टांगलेली होती. धुतलेली, पीस सरळ केलेलं. ओटिलिए अजून सणाला तीच घालते.

कासियान पुढे एका हिवाळ्यात, घरात, आपल्या अंथरुणात गेला. सुखानं गेला. आता पुढे विगिल असतो आणि शेवटी आमची नात वालबुर्गा. माझ्यानं वर जाणं होत नाही, मी घुमटीपाशी मुकुट घेऊन वाट बघत बसते. धुकं असलं की वरून हाका येतात. विगिलची हाक. वालबुर्गाची ओ. आणि तिच्यामागून, जरासा उशिरा, आणखी एक आवाज. तो मी ओळखते. त्या आवाजाबरोबर मी सगळा संसार केलाय.

मी कुणाला काही बोलत नाही. निघण्याआधी कट्ट्यावर दूध ठेवायचं, तेव्हा शेजारी दुसराही वाडगा भरून ठेवायचा, एवढं ओटिलिएला सांगून ठेवलंय. तीही कारण विचारत नाही. आणि आमच्या गाई दर वर्षी मुकुट घालून उतरतात.