कुलरपुढची परीक्षा

"डब्बा ऐसपैस!"

शामने लाथ मारली आणि पत्र्याचा डबा कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर दहाच्या गल्लीतून खणखणत गेला. लपलेले सगळे ओरडत बाहेर आले. पलीकडच्या कॅम्प-१ वस्तीतून खेळायला आलेली मथुरा मात्र टाकीमागे तशीच बसून!

"कावून वं, झोपली का? कधीचा बोंबलून राहिलो!" शाम तिच्या पाठीशी उभा राहून ओरडला. ती हललीही नाही. तेवढ्यात त्याची बहीण वसुंधरा समोरून आली. "चल, डाव संपला," ती हळूच म्हणाली आणि मथुरा टुणकन उठली!

शाम चक्रावला. "माझ्या बोंबा आयकू येत नाही, अन् हिचं कुजबुजणं येते?"

मथुराचा चेहरा उतरला. "मी ओठ पाहून समजते. गोवर झाला तवापासून कानाले कमीच आयकू येते. शाळेत सांगू नका! शाळेतून नाव कमी करतील माझं."

नाव तर तसंही जाणारच होतं. त्यांच्या वर्गाच्या बाई, म्हणजे बहनजी, या शेजारच्याच ताराकाकू. मनाने प्रेमळ, पण शिकवायच्या फळ्याकडे तोंड करून, आणि मथुरा शेवटच्या बाकावर! 'पोरगी लक्षच देत नाही, जुलैत दुसरी शाळा पाहा,' असं त्यांनी उन्हाळ्याची सुट्टी लागतानाच तिच्या आईला सांगूनही टाकलं होतं. वसूला फार वाईट वाटलं. वर्षभर एका वर्गात बसून आपल्यालाही हे कळलं नव्हतं!

"काकूले खरं सांगून देऊ," ती म्हणाली.

मथुराने जरा विचार केला. "सांगू. पण पहिले त्याईले माझ्या जागी बसवू."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंना पन्ह्याचं आमंत्रण गेलं. बैठकीतला कुलर असा घरघरत होता, की भांडं पडलं तरी कळू नये. शामने काकूंना अगदी त्याच्यापुढे बसवलं. "मस्त हवा लागते, काकू!" मथुरा त्यांच्या शेजारी नाही, समोरच्या कोपऱ्यात बसली. वसूने काकूंकडे पाठ केली आणि मथुराला कोडं घातलं, "पाठीवर घर घेऊन फिरतो, तो कोण?"

"गोगलगाय!" मथुरा ओरडली.

"काय विचारलं गं?" काकू म्हणाल्या. दुसऱ्या कोड्यालाही तेच. तिसऱ्याला त्या चिडल्याच. "अगं, पाठ फिरवून काय बोलतेस? तोंड तरी दिसू दे!"

शामने खटकन कुलर बंद केला. "काकू, तुमचं लक्षच नाही! जुलैत दुसरी शाळा पाहा!"

काकू रागावणार होत्या, पण त्यांची नजर मथुराकडे गेली. "एवढ्या आवाजात हिला कसं कळलं?"

"ओठ पाहून, बहनजी. मले कानानं कमी आयकू येते," मथुरा म्हणाली.

काकूंचे डोळे भरून आले. मग त्या मथुरासमोर येऊन बसल्या. "चुकलं माझं, बेटा. आता तूच सांग, वर्गात मी काय करू?"

असं तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं! "मले पुढं बसवा. अन् बोलताना इकडं पाहा."

"आणि मी विसरले तर?"

"मी हात वर करीन!"

"नाही तर आमी कुलर लावू!" शाम म्हणाला. कारखान्यातली सकाळची फर्स्ट शिफ्ट करून आलेले शाम-वसूचे बाबा, नरहरी, दारातच हसले. "शाब्बास! कुलर माझा, अन् शाळा तुमची!"

जुलैत शाळा उघडली. बहनजींनी फळ्यावर तारीख लिहिली आणि सवयीने तिकडेच तोंड करून बोलायला लागल्या. पहिल्या बाकावरून मथुराचा हात वर गेला. तिच्यामागोमाग अख्ख्या वर्गाचा!

बहनजी वळल्या, हसल्या आणि पहिल्यापासून पुन्हा सांगू लागल्या.