उतरणाऱ्याच्या दुरुस्त्या

वाटाड्या न घेता बोयाका प्रांतातले डोंगर सायकलने चढायची हौस असलेल्या परदेशी पाहुण्यांना ओदिलिया एक कागद द्यायची. कितव्या किलोमीटरला वळण, कुठे कुत्रं अंगावर येतं, कुठे गरम गुळपाणी मिळतं, सगळं त्यात. रस्ते ती स्वतः सायकलने मोजायची. पाहुण्यांनी चुका पेन्सिलीने दुरुस्त करून कागद परत द्यायचा, हा तिच्या भावाचा, लिबार्दोचा नियम.

लिबार्दो अकरा वर्षांपूर्वी जुन्या घाटात धुक्यात शिरला, तो आलाच नाही. गावाने तो रस्ताच टाकला. यंदा ओदिलियाने तो कागदावर घातला. रस्त्याने काय पाप केलं, असं तिने सगळ्यांना सुनावलं.

पहिला कागद एका जर्मन बाईने परत दिला. चौदाव्या किलोमीटरला पेन्सिलीने लिहिलं होतं, 'क्रूस उजवीकडे नाही, डावीकडे.' उसाच्या चरकात उजवी तर्जनी गेल्यापासून लिबार्दोचं अक्षर असंच कलायचं. बाई म्हणाली, आपल्याकडे पेन्सिल नव्हतीच.

दुसऱ्या कागदावरची दुरुस्ती नवव्या किलोमीटरला होती. पुढच्यावर तिसऱ्या. चढणाऱ्याला त्या चूक होत्या, गावाकडे उतरणाऱ्याला बिनचूक.

पाहुणे ज्यांच्या खानावळीत मुक्काम करत, ते आनिबालकाका टोपी हातात घेऊन आले.

"रस्ता खोड, पोरी. येतंय ते लिबार्दोच, हे कशावरून?"

"खोडणार नाही. पाहुणे पाठवू नका हवं तर."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून भावाची वाट बंद करू?"

ते गेले तशी तिने रागाच्या भरात रंगाचा डबा काढला. घराचं निळं दार आतून-बाहेरून हिरवंगार करून टाकलं. येणाऱ्याला लांबून दिसू दे, गावालाही दिसू दे! मग दाराला कडी लावून ती नवा कागद लिहायला बसली. सवयीने पहिलीच ओळ लिहिली, 'निळ्या दारापासून निघा.'

ब्रश धुवायला ती मोरीत गेली.

परत आली तर 'निळ्या'वर काट होती. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हिरव्या'.

कडी आतून तशीच होती.

तिने चुलीवर पातेलं चढवलं, गूळ फोडला. "आलास ना? बस मग," ती मोठ्याने म्हणाली.

मग तिची नजर दारावर गेली. कडीशेजारी ओल्या रंगात उजव्या हाताचा पंजा उठला होता, तिच्या हाताहून कितीतरी मोठा.

पाचही बोटं शाबूत होती.