देवराम छाप पहारेकरी

माझी बायको विनिता म्हणते, मी देवळातल्या प्रसादाचीही पॅकिंगची तारीख बघतो. बघतोच! तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये प्लास्टिकच्या साच्यांची तपासणी केली. हजार नगांतला एक फसलेला नग बोटाने ओळखायचा, हेच काम. आता नोकरी संपली, पण बोटं ऐकत नाहीत. म्हणून मी किल्ल्यावरचे मावळे जमवतो.

हसायचं काय त्यात? दिवाळीत पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर मांडायचे ते मावळे. ठाण्याच्या या पट्ट्यात त्यात एकच नाव चालतं, कळव्याच्या देवरामचं. बारा जणांचा संच, पुठ्ठ्याची पेटी, तळाला ‘दे’ असा ठसा. ते जमवणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना कोणी ना कोणी टोपी घातलेली आहे. त्यांच्यासाठी एकदाची सगळ्या पिढ्यांची तुलना लिहून टाकावी, असं मी यंदा नवरात्रात ठरवलं.

पिढ्या पाच. पहिली मातीची, ऐंशी सालची, हाताला गार लागते. दुसरी प्लॅस्टरची, एकोणनव्वदची, तिच्या ढाली बघता बघता तुटतात. तिसरी रबराची, अठ्ठ्याण्णवची, उन्हात चिकट होते. चौथी कडक प्लास्टिकची, दोन हजार दहाची. पाचवी गेल्या वर्षीची, फायबरची, पेटीवर क्यूआर कोडसकट. खरं-खोटं ओळखायची युक्ती सोपी आहे. माल वाळताना किंवा थंड होताना थोडा आकसतो. म्हणजे तयार मावळ्यावरून कोणी साचा काढून नक्कल पाडली, तर ती मूळ मावळ्यापेक्षा बुटकीच निघणार. व्हर्नियरने उंची मोजा, चोर सापडतो.

शनिवारी सकाळी डोंबिवलीच्या घरी जेवणाच्या टेबलावर पाचही संच ओळीने मांडले. विनिता पोळ्यांचा डबा घेऊन आली आणि थबकली.

“अहो, आम्ही जेवायचं कुठे? मावळ्यांच्या पंगतीत?”

“दहा मिनिटं थांब गं.”

दहा मिनिटांचे दोन तास झाले. अकरा मावळे बरोबर निघाले. भालदार, तोफवाला, शिंगवाला, कोणी अर्धा मिलिमीटर कमी, कोणी पाव मिलिमीटर जास्त, जसं असायला हवं तसंच. बारावा पहारेकरी. दरवाज्याशी पाय जुळवून उभा, दोन्ही हातांत भाला. त्याची उंची पाचही पिढ्यांत अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर, एका रेषेचा फरक नाही. माती वेगळी आकसते, प्लॅस्टर वेगळं, रबर तर लहरीच. पाच मालांतून एकच माप येणं शक्य नाही. मी व्हर्नियर पुसून पुन्हा मोजलं. अठ्ठ्याऐंशी.

मग मी ते पाच पहारेकरी बाजूला काढून एका रांगेत उभे केले, आणि तेव्हा मानेकडे लक्ष गेलं.

पहिल्या पिढीचा सरळ समोर बघतो. दुसऱ्याची मान किंचित डावीकडे. तिसऱ्याची आणखी. नातीच्या कंपासपेटीतला कोनमापक आणून मी कोन घेतले. शून्य, पंधरा, पस्तीस, साठ. पाचव्या पिढीचा पहारेकरी पार खांद्यावरून मागे बघत होता, पूर्ण एकशे वीस अंश. पाय मात्र पाचही जणांचे जसेच्या तसे, अंगठ्याला अंगठा जुळवलेले.

“कोणाची तरी वाट बघतोय बिचारा,” विनिता पोळी वाढता वाढता सहज म्हणाली.

मी ताट बाजूला सारलं. ती पाणी आणायला गेली तोवर मी भिंग लावून पाचव्याची मान बघितली. पागोट्याखालून काहीतरी खाली आलं होतं. तिसऱ्या पिढीत मी ती साच्याच्या जोडाची रेघ समजलो होतो. चौथीत ती जाड होती. पाचवीत ती वेणी होती, खाली रिबिनीची गाठ असलेली.

आता सांगितलं पाहिजे. इतकी वर्षं हे मी कोणाला सांगितलेलं नाही, विनितालाही नाही.

आम्ही मूळचे बाळकुमचे. शेती होती, आजोबांचा जन्म मिठागरावर गेला. आमचा किल्ला गवताच्या उडवीमागे असायचा, अर्धवट बुजवलेल्या विहिरीला लागून, कारण तिथली माती चिकट होती. किल्ला मांडायची आम्हा पोरांची एक रीत होती. पहारेकरी सगळ्यांत आधी ठेवायचा आणि ठेवताना त्याला हुकूम द्यायचा, ‘मी येईपर्यंत हलायचं नाही.’ किल्ला मोडताना तो सगळ्यांत शेवटी उचलायचा. ज्याने हुकूम दिला त्यानेच उचलायचा.

ब्याऐंशीच्या दिवाळीत आमचा पहारेकरी माझ्याच हातून फुटला. मी अकरा वर्षांचा. धाकटी बहीण शालू सहा वर्षांची, सारखी पाठीमागे, ‘दादा, मला पण घे ना.’ मी तिच्या हातात काठी दिली आणि किल्ल्याच्या दरवाज्याशी उभं केलं. म्हटलं, तू पहारेकरी. मी येईपर्यंत हलायचं नाही. आणि कोलशेतच्या पोरांचा किल्ला बघायला निघून गेलो. तिथे फटाके होते, फराळ होता. परत आलो तेव्हा दिवेलागण झालेली. किल्ल्यापाशी काठी पडलेली होती. शालू नव्हती.

वडिलांच्या हातात पट्टा होता. मी घाबरून म्हणालो, ती खाडीवर गेली, मी बघितलं.

तीन दिवस खाडीत होड्या फिरल्या. सगळं गाव तिकडेच होतं, किल्ल्यालगतच्या विहिरीत कोणी डोकावलंही नाही. शालू मिळाली नाही. आई किल्ल्याकडे बघून रडायची, म्हणून आठवड्याभरात वडिलांनी किल्ला मोडला आणि ती अर्धवट विहीर भरावाने कायमची बुजवून टाकली. आता तिथे टॉवर आहे, आमच्याच जमिनीवरचा. विहिरीच्या जागी बी विंगचं पार्किंग. आई धाकट्या भावाकडे चौथ्या मजल्यावर राहते. मी डोंबिवलीत घर घेतलं. सगळे म्हणतात, साईनाथला बायकोचं माहेर प्रिय. म्हणू देत.

तर हे कोणीतरी मुद्दाम करत होतं. माझी पहिली खात्री हीच. पण शालूला दिलेला तो हुकूम फक्त दोघांना माहीत, आणि त्यातली एक सांगायला परत आली नाही. मग कोण? रविवारी सकाळीच पाच पहारेकरी रुमालांत गुंडाळले आणि कळवा गाठलं.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. देवरामचा नातू राकेश आता धंदा बघतो. पहिल्या पिढीचा पहारेकरी मला कुठेच मिळत नव्हता, तो मी मागताच यानेच दोन महिन्यांपूर्वी आणून दिलेला. माझा सगळा संशय तिथेच होता.

“या काका. चहा घेणार?”

“चहा राहू दे. पहारेकऱ्याचा साचा कोणी बदलला?”

“कोणी नाही. आजोबांनी केलेला तोच आहे.”

“मला येड्यात काढू नकोस. तीस वर्षं हेच काम केलंय मी.”

त्याने आतून ॲल्युमिनियमचा साचा आणून माझ्यासमोर ठेवला. जुना, कडा झिजलेल्या, पण कुठे कानस लागलेली नाही, कुठे भर घातलेली नाही. मी खिशातून प्लॅस्टिसिन, ती पोरांची रंगीत माती, काढलं, दोन्ही भागांत घट्ट दाबलं, साचा मिटला, उघडला. बाहेर आलेला पहारेकरी सरळ समोर बघत होता. वेणी नव्हती.

“आता हे बघा,” राकेश म्हणाला. त्याने सकाळीच पाडलेल्या मालाचा ट्रे पुढे सरकवला. चाळीस पहारेकरी, अजून न रंगवलेले, पांढरे. चाळीसही माना खांद्यावरून मागे वळलेल्या.

“याच साच्यातले?”

“याच.” त्याने आवाज खाली आणला. “काका, आजोबा असताना मी विचारलेलं. ते म्हणाले, त्याच्या मानेला हात लावू नको, तिची ती वळते.”

“तिची?”

“मानेची म्हणाले असतील,” राकेश म्हणाला आणि ट्रेवर फडकं टाकलं. “तुम्हाला तो जुना दिला ना, तोही त्यांनीच बाजूला ठेवलेला. चिठ्ठी होती त्यावर. बाळकुमच्या साईनाथला, मागायला आला की.”

मी देवरामला जन्मात कधी भेटलो नव्हतो.

कळव्याहून रिक्षा केली. कुठे जायचं विचारल्यावर तोंडातून डोंबिवली निघायला हवं होतं. मी बाळकुम म्हणालो.

भाऊ आणि त्याची बायको बारशाला गेलेले. आई पलंगावर बसून होती. ब्याऐंशी वर्षांची, काचबिंदूने सहा वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेलेले. माझं पाऊल उंबऱ्यात पडलं आणि तिने ओळखलं.

“साई? आज वाट चुकलास?”

“असाच आलो, आये.”

रुमाल सोडून मी पाच पहारेकरी तिच्या मांडीवर ठेवले. का ठेवले, सांगता येत नाही. खिशात जड झाले होते, एवढं खरं. मी काहीच बोललो नाही, पहारेकरी हा शब्दसुद्धा नाही.

तिने एकेक चाचपला. पाय, भाला, मान. मग पलंगाशेजारच्या स्टुलावर ते ओळीने लावले. आधी मातीचा, मग प्लॅस्टरचा, मग रबराचा. एकही चूक नाही. शेवटच्याच्या मानेवर तिचं बोट बराच वेळ थांबलं. रिबिनीच्या गाठीवरून ते वर-खाली फिरत राहिलं.

“मान केवडी वळवलीन,” ती म्हणाली. “पन हिचं पाय हाललं नाय.”

वरचा पंखा करकरत होता. खाली पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची ती टीं टीं ऐकू येत होती.

“हिला कोनीतरी सांगला आसंल, हालू नको म्हनून.”

“आये...”

“पाय कोरडं हायेत हिचं. खाडीवर नाय गेली ही.” तिने तोंड माझ्याकडे वळवलं. ते डोळे बघू शकत नाहीत, मला माहीत आहे. “खाडीवर गेली, असा मना कोनी सांगला?”

त्रेचाळीस वर्षांत तिने हे एकदाही विचारलं नव्हतं.

“मी,” मी म्हणालो. “मी सांगितलं, आये. खोटं सांगितलं.”

मग सगळं सांगितलं. काठी, हुकूम, कोलशेत, पट्टा. बोलता बोलता रडायला लागलो, चोपन्न वर्षांचा बाप्या, लाज सोडून. आई रडली नाही. तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

“आयकनारी होती ती,” ती म्हणाली. “तू नाय आलास, म्हनून उबी रायली.” आणि मग, “मना काय सांगतस? तिला सांग.”

मला मूर्खासारखं वाटलं. तरी स्टुलासमोर वाकलो.

“शालू, आलो मी. झाला पहारा. ये आता.”

काहीच झालं नाही. काय होणार होतं? माना होत्या तिथेच होत्या. पंखा करकरतच होता. माझ्यातला तपासनीस जागा झाला, त्याने मला दोन शिव्या घातल्या आणि मी डोळे पुसले. आई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी एकेक पहारेकरी रुमालात गुंडाळायला घेतला. मातीचा, प्लॅस्टरचा, रबराचा, प्लास्टिकचा.

पाचवा डुगडुगत होता.

सकाळी तो दोन्ही पायांवर पक्का उभा होता. माझ्या बोटांना माहीत आहे.

मी तो उजेडात धरला. डावा पाय स्टँडवरून उचललेला होता. खिशातला व्हर्नियर लावला. चार मिलिमीटर. पावलाचा रोख त्याची मान होती त्याच दिशेला, म्हणजे मी बसलो होतो त्या खुर्चीकडे.

आणि गेल्या वर्षी पाडलेल्या त्या फायबरच्या स्टँडवर, उचललेल्या पायाखाली, एक खळगा पडला होता. एवढ्याशा पावलाचा, गुळगुळीत, वर्षानुवर्षं कोणी एकाच जागी उभं राहिल्यावर पडावा तसा. त्यात थोडी माती होती. मी बोटावर घेऊन बघितली.

आमच्या विहिरीकडची होती. चिकट.