आरशांच्या कारखान्यातली सावली

तिला तो पहिल्यांदा दिसला तो आरशात. दोन कामगार पुरुषभर उंचीचा आरसा उभा धरून आवारातून नेत होते, आणि त्यात तिच्या खांद्यामागे एक अनोळखी चेहरा उगवला – पावसानं भिजलेले केस, गळ्यात ओळखपत्र, आणि नजर थेट तिच्यावर.

"कोण आपण?" तिनं मागे न वळता आरशालाच विचारलं.

"तुमची सावली," आरशातला म्हणाला. "म्हणजे... तसं कळवलं असेल ना तुम्हाला?"

कळवलं होतं. परदेशातल्या एका बिझनेस स्कूलचे काही मराठी विद्यार्थी आठवडाभर आत्याच्या आरशांच्या कारखान्यात अभ्यासाला येणार होते. प्रत्येकानं एकेका विभागप्रमुखामागे सावलीसारखं फिरायचं. कामाला हात लावायचा नाही, मत द्यायचं नाही, नुसतं बघायचं आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर अहवाल मांडायचा. तिच्या पॅकिंग विभागाच्या वाट्याला हा आला होता.

आणि तिला हा अहवाल चांगला हवाच होता. पॅकिंगचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यावं असं आत्याच्या मनात घोळत होतं. तो स्वस्तात करून देतो म्हणत होता. तिनं विरोध केला की आत्या चष्मा पुसत म्हणायची, "तू पडलीस माझी भाची. तू तुझ्याच विभागाचं कौतुक करणार आणि मी मान डोलावणार, मग लोक काय म्हणतील? बाहेरचं माणूस काय म्हणतं ते बघू." ते बाहेरचं माणूस म्हणजे हा.

सावली कामाला लागली. ती वळली की वळायची, थांबली की थांबायची. पॅकिंगच्या बायका तोंडाला पदर, रुमाल, जे सापडेल ते लावून हसू दाबत होत्या. एरवी मागून चालणाऱ्याकडे कुणाचं लक्ष जातंय? पण आरशांच्या कारखान्यात कुणी मागे लपूच शकत नाही. ती कुठेही बघो, कुठल्या ना कुठल्या काचेत हा सापडायचाच, आणि खोक्यांऐवजी हिच्याकडेच बघत असायचा.

"विभाग तिकडे आहे," एकदा ती म्हणाली.

"मला विभागप्रमुखांमागे फिरायला सांगितलंय."

"मग? काय दिसलं?"

"मत द्यायला बंदी आहे." तो म्हणाला. "पण मघापासून तुम्ही शोधताय ती पेन्सिल तुमच्या कानामागे आहे. ही माहिती झाली. मत नाही."

तिला हसू आवरलं नाही, आणि आपण हसतोय हे तिला समोरच्या चार आरशांत दिसलं.

मग एका दुपारी काचेची कड तिच्या बोटात घुसली. ती रुमाल शोधेपर्यंत त्यानं आपला रुमाल तिच्या बोटाला गुंडाळलासुद्धा.

"हात लावायचा नाही ना तुम्ही?"

"कामाला," तो गाठ मारत म्हणाला. गाठ मारून झाली तरी बोट सोडायला त्याला जरा उशीरच झाला – आणि तिलाही घाई नव्हती.

त्या रात्री तिनं स्वतःशी कबूल करून टाकलं की तो तिला आवडतो. उगाच आढेवेढे घ्यायचा तिचा स्वभावच नव्हता. आधी अहवाल होऊ दे, मग सांगू, असं तिनं ठरवलं.

अहवालाच्या दिवशी वरच्या मजल्यावरचं ऑफिस भरलं होतं. आत्या मधोमध बसली होती. त्याची पाळी आली, तो उभा राहिला आणि त्यानं हातातले कागद उलटे ठेवले.

"पॅकिंगवरचा माझा अहवाल कृपया ग्राह्य धरू नये. निरीक्षकाचा स्वार्थ गुंतला असेल तर त्यानं तो आधी सांगायचा, असा आमचा नियम आहे. माझा गुंतलाय."

"कंत्राटदारात?" आत्याचा आवाज चढला.

"नाही... विभागप्रमुखांमध्ये."

कुणीतरी खोकलं. तिचे कान तापले. या शहाण्यानं ऐन वेळी तिच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती, आणि तरी तिला इतका आनंद कधीच झाला नव्हता. खोटं रेटून त्यानं विभाग वाचवला असता, तर तिला उद्यापासून कुठल्या आरशात त्याच्याकडे बघवलं असतं?

ती उठली.

"आत्या, मी तुझी भाची. हे महाशय हे असे. आम्हा दोघांचंही ऐकू नकोस. पण बाहेरचा जिना काही आमच्या नात्यातला नाही."

कंत्राटदारानं आरसा भरून नमुना म्हणून पाठवलेलं खोकं दाराशीच पडलं होतं. तिनं आपल्या विभागातलं तेवढ्याच मापाचं एक मागवलं, दोन्ही जिन्याच्या तोंडाशी ठेवली, आणि सगळ्यांच्या देखत पायानं ढकलून दिली. दोन्ही धडधडत खाली गेली. कंत्राटदाराचं खोकं उचललं तर आत खुळखुळ वाजत होतं. तिचं उघडलं, तेव्हा आत्याला आपला चेहरा अख्खा दिसला, चष्म्यासकट.

आत्या बराच वेळ त्यात बघत राहिली.

"पॅकिंग इथंच राहील," ती म्हणाली. "आणि ते काचांचं खोकं तुम्ही दोघांनी आवरा."

दोघं जिन्याच्या तळाशी काचा वेचत बसले.

"माझा अभ्यास बाद झाला," तो म्हणाला. "पुढच्या सत्रात पुन्हा करावा लागेल. इथंच अर्ज केला तर... चालेल?"

"करा. पण पॅकिंगमध्ये जागा मिळणार नाही."

"का?"

"तिथल्या प्रमुखांचाही स्वार्थ गुंतलाय."

त्याच्या हातातली काच तशीच राहिली. ती उठून चालू लागली, आणि सवयीनं तो मागे निघाला. ती थांबली.

"आता मागे नको," ती म्हणाली. "शेजारून चाल."

तो आला. पॅकिंगच्या बायका दारात जमल्या होत्या, आणि एकीनंही काम चालू असल्याचं सोंग केलं नाही.