रुपालीचं नाक

चाकणच्या त्या सीटच्या कंपनीत रुपाली काय काम करते हे ऐकून लोक हसायचे. मोटारीच्या सीटचा फोम बरणीत तापवायचा, झाकण काढून हुंगायचा आणि वासाला मार्क द्यायचे. पावडर, गजरा, कच्चा कांदा, सगळं बंद. आपल्या अंगाचा वास आपल्याला येत नाही, म्हणून बसण्याआधी सगळे एकमेकांना हुंगून घेत.

कंपनीच्या डॉक्टरांनी लाळ तपासली तेव्हा कळलं, वासाचं एक जनुक बहुतेक माणसांत मेलेलं असतं, ते रुपालीत जिवंत आहे. लहानग्या लेकीची, दिव्याची, लाळ तपासली तर तिच्यातही.

"पोरगी आईवर गेली," तिचा नवरा समाधान कौतुकानं म्हणाला.

एका सकाळी सोबत काम करणाऱ्या रोहिदासची बाही हुंगताना रुपाली झटकन मागे सरली. तापल्या लोखंडावर दूध उतू जावं तसा वास. बाकीच्यांना तो आलाच नाही. रोहिदास म्हणजे देवमाणूस, मुंगीसुद्धा मारणार नाही. दुपारी कँटीनमध्ये त्यानं स्टीलच्या जगनं शेजारच्याचं तोंड फोडलं. दात फरशीवर सांडले तरी थांबेना. चौघांनी धरल्यावर रडायला लागला.

"ताई, म्या काय केलं ओ? भांडण बी नव्हतं."

मग दिघीत, त्यांच्याच इमारतीत, खालच्या आजोबांच्या अंगाला तोच वास. दिव्यानं तर आधीच नाक दाबलं होतं. संध्याकाळी आजोबांनी सुनेला जिन्यावरून ढकललं. मान मोडली.

रुपालीची झोप उडाली. दिव्याला काही होता कामा नये, एवढंच डोक्यात. समाधान कामावरून आला की ती दारातच त्याची कॉलर हुंगायची.

"झाली का तपासणी? येऊ का आत?" तो हसायचा.

रविवारी तो पेरू घेऊन आला. दार उघडताच तो वास भसकन नाकात शिरला.

"थांबा. आत येऊ नका."

"काय झालं गं?" म्हणत त्यानं दिव्याकडे हात पसरले. "ये गं चिमणे."

ओट्यावरचा वरवंटा हातात कधी आला, तिला कळलं नाही. पहिल्याच घावात तो खाली बसला. ती थांबली नाही.

पेरू गडगडत पलंगाखाली गेले.

वास गेला. रुपालीनं दार हुंगलं, पडदे हुंगले, स्वतःचे ओले हात हुंगले. काहीच नाही. तिला रडू फुटलं. पोर वाचली.

"ये बाळा. आता भ्यायचं नाही."

दिव्या भिंतीला चिकटून उभी होती. बापाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. आईकडे बघत तिनं दोन्ही हातांनी नाक घट्ट दाबून धरलं.